तीन सेकंदांच्या आत

मालूने फडकं पिळलं, बादलीत आणखी थोडं व्हिनेगर ओतलं आणि सोफ्याच्या पायाशी झालेलं तळं पुन्हा एकदा पुसून काढलं. पुसताना तिने पिल्लाकडे मुळीच पाहिलं नाही. ओरडायचं नाही, नाक त्यात घासायचं नाही, चापट तर मारायचीच नाही, आणि पुसताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असं तिच्या भाचीने, श्रियाने, बजावलं होतं. वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथेच करतं, म्हणून व्हिनेगर. श्रियाला हे सगळं मोबाइलवरून समजलं होतं आणि मालूला गुडघ्यांवर बसून.

“बाबा असते ना, तर एक लाथ घातली असती. दुसऱ्या दिवशी शहाणं झालं असतं,” स्वयंपाकघराच्या दारातून वल्लरी म्हणाली. वल्लरी ही मालूची भावजय. घरात कुत्रं नको म्हणून तिने चार दिवस तोंड फुगवलं होतं.

“लाथेनं नाय शिकत म्हने,” मालू म्हणाली. “गोडीनं शिकतं.”

“शिकलं तर. नाहीतर शेपूट नळीत घालत बसा.”

पिल्लाचं नाव मोमो. मालूला ते हाक मारण्याजोगं वाटत नसे, म्हणून ती मोम्या म्हणायची. कान लोंबते, रंग मातकट, वय अडीच महिने. हौस श्रियाची, पैसे तिच्या बापाचे, सुदेशचे, आणि काम मालूचं, अशी वाटणी कोणी न बोलताच झाली होती. घरात दिवसभर असायची ती एकटी मालूच. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा बाप, भिवा, टेम्पो घेऊन कल्याणकडच्या तिच्या सासरी गेला होता. सासऱ्याला शिव्या, दिराला शिव्या, ट्रंक उचलायला उशीर केला म्हणून मालूलाही शिव्या. ‘माजी पोर हाय, माज्या घरात ऱ्हाईल,’ असं साऱ्या आळीला ऐकवून त्याने तिला कोलशेतला परत आणलं. त्याला तीस वर्षं झाली. भिवा जाऊनही अठरा झाली. त्याच्या माघारी घराच्या कागदावर दोघांची नावं लागली, मालूचं आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकट्या सुदेशचं.

सुदेश बापावर गेला नव्हता. त्याचा आवाज कधी चढत नसे. बिल्डरांना रेती-विटा पुरवायच्या धंद्यातला माणूस, पण जिभेवर खडीसाखर. आत्ताही तो बाहेर निघता निघता थांबला, बादली बघितली, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाय, तू आहेस म्हणून हे घर चाललंय हा. दुसऱ्या कोणाला जमलं असतं का हे?”

मालूला बरं वाटलं. तिला नेहमीच बरं वाटायचं. सुदेश तिला लहानपणापासून बाय म्हणायचा आणि त्या हाकेवर ती आजवर दहा कामं जास्त करत आली होती.

“आणि ऐक ना. महिनाअखेरीस एकदा रजिस्ट्रेशनला जाऊन येऊ. बिल्डर घाई करतोय. नुसती सही गं. नेहमीसारखी.”

“बरं,” मालू म्हणाली आणि बादली उचलून मोरीकडे गेली.

मोमोला शिकवायची रीत साधी होती, पण तिला चिकाटी हवी होती. झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. दर वेळी जागा तीच, अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी. तिथे उभं राहून वाट बघायची. झालं की तीन सेकंदांच्या आत खाऊ. “तीन म्हणजे तीन, आत्या,” श्रिया म्हणाली होती. “उशीर झाला की त्याला कळतच नाही खाऊ कशाबद्दल मिळाला ते.” तिने आणलेली महागाची बिस्किटं मोमोने हुंगून सोडून दिली. मग मालूने आपली अक्कल चालवली. सुकवलेल्या कोळंबीचे सोडे दोन पाण्यांतून काढून खार घालवला, तव्यावर कोरडे परतले आणि बारीक तुकडे करून एका पत्र्याच्या डब्यात भरले. त्या डब्याचं झाकण वाजलं की मोमो जिथे असेल तिथून धावत यायचा.

अंगणाच्या भिंतीपलीकडे पूर्वी भाताची खाचरं होती, आणि त्यापलीकडे खाडी. आता तिथे पस्तीस मजल्यांच्या इमारती होत्या. सकाळी त्यांच्या बाल्कन्यांतून लोक कॉफी पिताना खाली बघत. शेवग्याखाली हात जोडल्यासारखी उभी असलेली बाई आणि तिच्या पायाशी गोल गोल फिरणारं पिल्लू त्यांना दिसत असेल. मालूला त्यांची लाज वाटत नसे. पिल्लू बसलं की ती एक, दोन मोजायची आणि तीनच्या आत सोड्याचा तुकडा त्याच्या तोंडात जायचा. “शाब्बास रे माज्या मोम्या. गुनाचा तो.”

दात शिवशिवायचे तेव्हा तो पदराला लोंबायचा, चावायचा. त्यावरही श्रियाकडे उपाय होता.

“ओरडू नको. पाठ फिरव. बोलायचं नाही, बघायचं नाही, हात लावायचा नाही. जणू तो घरात नाहीच.”

“बस्स? येवढंच?”

“तेवढंच. त्यांना मारलेलं चालतं गं, हे नाही चालत. बघ तू.”

मालूने पाठ फिरवली. मोमोने आधी पदर ओढून पाहिला, मग भुंकला, मग तिच्या पुढ्यात येऊन बसला. ती पुन्हा फिरली. तेव्हा तो असा कण्हायला लागला की ती वळणारच होती. मिनिटभर तिने कसंबसं धरून ठेवलं. वळली तर तो जमिनीला टेकून, कान पाडून, तिच्या पायांची बोटं चाटत होता. त्यानंतर त्याने पदर धरला नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मोमो आपण होऊन दाराशी जाऊन उभा राहू लागला. वल्लरीनेसुद्धा मान हलवली. रविवारी दुपारी श्रिया ओट्यावर केस वाळवत बसली होती, मालू डब्यात नवे तुकडे भरत होती.

“आत्या, आता खाऊ कमी करायचा हा. आधी एकाआड एक. मग कधीतरीच. मग बंद.”

“आनि मंग तो जाईल का तिकडं?”

“जाणारच. सवय लागलीये ना. नुसतं शाब्बास म्हटलं तरी पुरतं मग. नंतर तेही नाही म्हटलं तरी चालतं.” श्रिया केसांतून बोटं फिरवत हसली. “मजा माहितीये काय? त्याला वाटतं, हे सगळं मी माझ्या मनानंच करतोय.”

मालूचा हात डब्यात तसाच राहिला. मोमो पुढ्यात बसून त्या हाताकडे बघत होता. बराच वेळ काही मिळालं नाही तेव्हा त्याने एकदा हळूच पंजा उचलला.

संध्याकाळी तिने आपलं कपाट उघडलं. तिची खोली स्वयंपाकघराच्या मागची, एक खिडकी आणि एक कपाट. खालच्या खणात पाटल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी खाडीकडची खाचरं गेली, तेव्हा हक्कसोडपत्रावर तिने सही केली होती. बहिणी करतातच. आळीतल्या साऱ्या बहिणींनी केली होती. हिस्सा घेतला की माहेर तुटतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी सुदेशने स्वतःच्या हाताने तिला पाटल्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीने एकविरेला नेलं. पुढच्या सीटवर मालू. चार वर्षांपूर्वी मागची वाडी गेली, तेव्हा दुसरी सही. तेव्हा साडीचोळी, तीही चांगली, जांभळी. आता राहतं घर आणि अंगण; त्याबदल्यात बिल्डर नव्या इमारतीत खोल्या देणार होता. या वेळेला सुदेश काल जेवताना म्हणाला होता, ‘येताना मस्त मिसळ खाऊ, बाय.’

पाटल्या, साडी, मिसळ. तिने पाटल्या हातात धरल्या आणि तशाच खणात परत ठेवल्या. गुळाने मरतो त्याला विष कशाला, असं भिवा म्हणायचा, तेव्हा ती हसायची. तिने कपाट लावलं. मन वाईट असतं, असं तिने स्वतःला बजावलं. सख्ख्या भावाबद्दल असलं मनात येतंच कसं? तो कधी एका शब्दाने दुखवत नाही. आयुष्यभर गोडच बोलला. पण ‘गोडीनं शिकतं’ हे तिचेच शब्द तिला आठवले आणि मग रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

गुरुवारी सकाळी गाडी दारात लागली. मालूने जांभळीच साडी नेसली होती, आधार कार्ड पिशवीत घातलं होतं, चपलाही पायात होत्या. सुदेशने गाडीचं दार उघडून धरलं.

“आज नको,” मालू म्हणाली.

“बरं वाटत नाही का?”

“बरं हाय. सही नको आज. कागदात काय हाय ते आधी समजू दे मना.”

बाप असता तर त्याने अंगण डोक्यावर घेतलं असतं. तो शिव्या देईल, मग आपणही देऊ, मग रडू, मग जेवू, अशी तिची मनाची तयारी होती. सुदेशने मात्र तिच्याकडे पाहिलं, एकदा वल्लरीकडे पाहिलं आणि गाडीचं दार हलकेच लावलं.

“बरं,” तो म्हणाला. “काही हरकत नाही.”

गाडी गेली. वल्लरी आत गेली. मालू चपला काढून आत आली आणि तिला इतकं हलकं वाटलं की आपण उगाच भावावर संशय घेतला म्हणून तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी चहाचा ट्रे बाहेर आला. त्यात तीन कप होते.

वल्लरी विसरली असेल, असं तिला वाटलं. तिने आपला चहा आपण करून घेतला. दुसऱ्या दिवशीही तीनच कप. जेवायला तिला कोणी हाक मारली नाही, पण जेवण झाकून ठेवलेलं होतं, भाजीपासून लोणच्यापर्यंत सगळं. तक्रार करायला जागाच नव्हती. ती हॉलमध्ये आली की टीव्हीचा आवाज तेवढाच राहायचा, बोलणं थांबायचं. ती बाजूने गेली की सुदेश मोबाइल बघत असायचा. श्रिया एकदा ओट्यावर येऊन तिच्याशी काहीबाही बोलू लागली, तोच आतून वल्लरीची हाक आली, “श्रिया, जरा इकडे ये.” मग श्रियाही कानात ते इयरफोन घालून फिरू लागली. तिची परीक्षा होती म्हणे.

तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता मालूला चार वर्षांपूर्वीचं आठवलं. वाडीच्या सहीच्या आधी ती ‘बघू’ म्हणाली होती. नुसतं बघू. त्यानंतरचे आठ दिवस घर असंच झालं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, घरात काहीतरी काळजी आहे आणि आपण हिश्शाचं काढून बसलो. नवव्या दिवशी तीच सुदेशकडे गेली होती, माफी मागायला. माफी! तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि नळ तसाच वाहू दिला. या लोकांना कोणी मोबाइलवर काही शिकवलं नव्हतं. श्रिया जे मोबाइलमध्ये शोधत होती ते तिच्या घरातच मुरलेलं होतं.

कळलं म्हणून सोसवलं असं मात्र नाही. पाचव्या दिवशी ती मोमोशी इतकं बोलली की घसा बसला. माणसाने दिवसभर एकही शब्द न ऐकणं म्हणजे काय, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. सही करून टाकावी, असं तिला दिवसातून दहा वेळा वाटायचं. घर जाणारच होतं, अंगण जाणारच होतं. तिला घर नकोच होतं. तिला एवढंच हवं होतं, की सुदेशने बाय म्हणून हाक मारावी आणि त्या हाकेमागे काही नसावं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, सुदेश ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसला होता. पाय जमिनीला टेकवून हलके झोके घेत तो मोबाइलवर अंगठा फिरवत होता. मालू येऊन खांबाशी उभी राहिली. मोमो तिच्या पायाशी बसला.

“सुदेश,” ती म्हणाली. “पाठ लय दुखते रे माजी. कालपासून वाकता नाय येत.”

अंगठा फिरत राहिला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. मालूने मनात मोजायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले. मोजता मोजता ती देवाला म्हणत होती की याला बोलू दे, काहीही बोलू दे. तीसपर्यंत ती पोचली.

मग ती म्हणाली, “ते कागद कुठं हायत?”

एक. अंगठा थांबला. दोन. मोबाइल झोपाळ्यावर पालथा पडला.

“बस ना, बाय,” सुदेश म्हणाला आणि सरकून त्याने जागा केली. “उभी का? वल्लरी! बायला चहा आण गं, वेलची घालून.”

तिला वाटलं होतं, पाच तरी लागतील.

ती झोपाळ्यावर बसली. चहा आला. सोबत खारी बिस्किटांची बशी आली आणि स्वतः वल्लरीही आली. “ताई, किती उतरलाय चेहरा तुमचा,” ती म्हणाली. श्रिया कानातलं काढून दारात येऊन उभी राहिली. पाच दिवस मुकं असलेलं घर एकाएकी लग्नघरासारखं बोलू लागलं.

“आणि पाठ दुखते म्हणालीस ना मघाशी?” सुदेश म्हणाला. “वल्लरी, ते मलम आण बरं. आणि गरम पाण्याची पिशवी. बाय, तू वाकायची कामं करूच नको आता, बाई लावू आपण.”

मालूने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली आणला. म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. तीस मोजेपर्यंत ते त्याच्या कानात होतं आणि तो अंगठा फिरवत बसला होता. पाच दिवसांत जे झालं नव्हतं ते तिला आत्ता झालं. आतून काहीतरी सुटून गेलं. बाप मेला तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली होती, आता रडायलाही येईना.

तिने चहा पुरता प्यायला. टाकावा असा नव्हता.

“कागद घेऊन येऊ?” सुदेशने विचारलं. “की उद्या ऑफिसातच बघतेस?”

“बिल्डर आपल्याला ज्या खोल्या देनार, त्यातली एक माज्या नावानं कर,” मालू म्हणाली. “तसं कागदावर येऊ दे. मंग सही करते.”

वल्लरीचा हात मलमाच्या झाकणावर होता, तिथेच राहिला. सुदेशच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. घालवायचं विसरल्यासारखं ते थोडा वेळ तिथे राहिलं.

“एक सांगू, बाय? कोणाच्या सांगण्यावरून बोलतेयस तू हे?”

“कोनाच्या नाय. माज्या मनानं.”

“बरं,” सुदेश म्हणाला. त्याने मोबाइल उचलून सुलटा केला. वल्लरीने बशी उचलली, कप उचलला आणि मलमही परत नेलं. श्रिया दारात क्षणभर घुटमळली. तिला काहीतरी कळत होतं आणि ते कळायला नको होतं, असा तिचा चेहरा झाला. मग तीही आत गेली.

मोमो पायरीवर जाऊन उभा राहिला आणि मागे वळून बघू लागला. त्याची वेळ झाली होती. मालूने सवयीने कोनाड्यातला डबा उचलला आणि ती त्याच्या मागे अंगणात उतरली. तो सरळ शेवग्याखाली गेला, दोनदा फिरला, बसला, उठला. झाल्यावर त्याने तिच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवडाभर खाऊ बंदच होता. तो आपला परत घराकडे निघाला.

“मोम्या,” तिने हाक मारली.

तो थांबला. ती तिथेच मातीत बसली. पाठीतून कळ आली. तिने डब्याचं झाकण काढलं आणि मूठभर सोडे हातावर घेऊन त्याच्यापुढे धरले.

“घे. कशाबद्दल नाय. असेच घे.”

मोमोने सोडे हुंगले, पण तोंड लावलं नाही. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे पाहिलं. मग तो वळला, लगबगीने शेवग्याच्या बुंध्याशी गेला आणि मघाच्याच जागेवर पुन्हा बसला. थेंबभरही येत नव्हतं. तरी तो तसाच बसून राहिला, कान पाडून, तिच्याकडे बघत.